आज कुणाची नक्कल केलीस?

आमच्या गावी, नांदूरघाटात असताना माझे वडील, आमचे अण्णा, माझ्या नकलांवर लई चिडायचे. सरपंचाची नक्कल केली म्हणून एकदा पारावरून कान धरून घरी नेलतं.

मग मी पुण्याला कॉलेजला गेलो. तोंडातून 'आहे'च्या जागी 'हाय' निघालं की हॉस्टेलची पोरं हसायची, म्हणून मी बोलणंच सोडलं. पहिल्याच आठवड्यात अण्णांना फोनवर म्हणलं, "मी माघारी येतो."

"ये की. पण आज कुणाची नक्कल केलीस?"

"कुणाचीच न्हाई."

"कावून? तिथली माणसं मुकी हायेत का?"

"मी कुणाकडं बघितलंच न्हाई, अण्णा."

"मग उद्या बघ. मला करून दाखव, अन मग ये."

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी पहिल्यांदा मान वर करून जेवलो. वाढणारे काका "अजून चपाती?" विचारायचे अन उत्तराच्या आधीच पुढं सरकायचे. संध्याकाळी तेच फोनवर केलं. हसून हसून अण्णांना ठसका लागला. मागून माझा रूममेट ओरडला, "परत कर ना रे!"

माघारी जायचं राहूनच गेलं.

आता गावातले आईबाप विचारतात, पोराला कॉलेजला धाडताना काय सांगावं? मी म्हणतो, सांगू नका, विचारा. अभ्यासाचं नंतर, आधी आज कोण भेटलं ते. त्या एका प्रश्नाचे माझ्यावर लई उपकार हायेत.

परवा फोनवर मी अण्णांचीच नक्कल केली. ते म्हणाले, "आवाज जमलाय. पण मी एवढा खेकसत न्हाई."

खेकसूनच म्हणाले.