भिजलेल्या चपला

दरवर्षी आम्ही नवरा-बायको पुण्याहून देवीच्या दर्शनाला कोल्हापूरला जायचो. २००५च्या महापुरानंतर मात्र सगळ्यांनी अडवलं. "चिखल बघायला जाताय का?" असं जो तो विचारायचा. पण बायको म्हणाली, "सुखाच्या वर्षी जायचं आणि आता तोंड फिरवायचं? मी जाणार." मग मीही निघालो.

दर्शन झाल्यावर नदीकडच्या उतारावरच्या गल्लीत गेलो. तिथं चपला करणाऱ्या एक मावशी होत्या. नवरा वारल्यापासून धंदा त्याच बघायच्या आणि आमच्या चपला नेहमी त्यांच्याकडच्याच. घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती. मावशी उंबऱ्यात बसून, समोरच्या ढिगातली एकेक फुगलेली चप्पल घेऊन तिचा अंगठा रापीनं कापून टाकत होत्या.

"मावशी, कापताय कशाला?"

"सकाळी एक व्यापारी आलता. म्हणला, सगळा ढीग द्या, वाळवून पॉलिश मारतो आन् देवळापाशी खपवतो. हाकलला त्याला. आता एकबी जोड शाबूत ठेवत न्हाय."

मी म्हटलं, "त्यातला एक मला द्या. घरात वापरीन."

रापी थांबली. "कीव करायला आलाय व्हय, पावणं? भिजल्यालं चामडं कुजतंय. चार दिसांत तळ सुटंल, आन् तुम्ही पुण्यात सांगत सुटशीला, कोल्हापुरी असलीच असती!"

मी ओशाळलो. बायको मात्र पदर खोचून खाली बसली आणि एकेक चप्पल त्यांच्या हातात देऊ लागली.

ढीग संपल्यावर मावशी उठल्या. कुठूनसा एक कोरडा पुठ्ठा शोधून आणला, माझ्यापुढं टाकला. "ठेवा पाय." पेन्सिलीनं पावलाभोवती रेघ ओढत म्हणाल्या, "चामडं कवा मिळंल ठावं न्हाय. पर पयला जोड तुमचा."

"पोस्टानं पाठवाल?"

"न्हाय. येऊन घालून बघा. माणसं गावात यायला पायजेत की."

दिवाळीनंतर गेलो. भिंतीला चुना लागला होता, आत ठोकण्याचा आवाज चालू होता. नवी चप्पल पायात घातली आणि दहा पावलांत ती करकचून चावली.

"चावणारच की," मावशी हसल्या. "नव्या चामड्याला ताठा असतोय."

जुना जोड पिशवीत टाकून मी लंगडत लंगडत रंकाळ्यापर्यंत चालत गेलो.