पहिला सेन्सर कुठून मोजायचा

मिस्त्रीच्या गॅरेजमधल्या खड्ड्याला पायऱ्या एकाच बाजूला आहेत, रस्त्याकडच्या. गाडी नाकाने आत येते, बॉनेट भिंतीकडे, शेपूट रस्त्याकडे. त्यामुळे मिस्त्री आयुष्यभर गाडीखाली मागूनच शिरला. सायलेन्सर आधी भेटायचा, इंजिन सगळ्यात शेवटी. आणि त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं.

धाकट्या बहिणीच्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "कंपनीच्या वर्कशॉपात दाखवते."

"का, मी मेलोय?"

विषय तिथेच संपला. ती शाळेची मुलं ने-आण करायची. व्हॅनची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. दिवा लागलेली गाडी नापास होणार, आणि तिच्या फेरीवर डोळा ठेवून दुसरा एक व्हॅनवाला शाळेच्या फाटकाशी रोज घुटमळत होता.

मिस्त्रीने बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र जोडलं. पडद्यावर आलं : पहिला ऑक्सिजन सेन्सर, हीटर बंद. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सेन्सर इंजिनाला कळवतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पण हीटर? धुराच्या नळीवर हात ठेवला तर कातडं निघतं. तिथे आणखी शेगडी कशाला? तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, असेल काहीतरी, आणि पायऱ्या उतरला.

काम चोख केलं. इंजिन कोमट असताना आट्यांवर तेल सोडलं. वायर जाईल अशी चीर असलेला सॉकेट लावला, झटका न देता दाब वाढवत नेला. नवा सेन्सर आधी बोटांनी फिरवून बसवला, मग आवळला. कोड पुसला, दिवा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने गाडी सुरू केली. दिवा परत आला.

तिने फोन केला. "दादा, तुझा सेन्सर सुट्टीवर गेला वाटतं."

"वायर हलली असेल."

"आज दुपारी तपासणी आहे."

"माहितीय. मुलं सोडून सरळ इकडे ये."

ती आली तेव्हा घाईत होती. काम झालं की तसंच निघता यावं म्हणून तिने व्हॅन उलटी, मागे घेत खड्ड्यावर लावली. मिस्त्रीने यंत्र जोडलं. तेच शब्द. फ्यूज तपासला, शाबूत होता. मग हातात टॉर्च घेऊन तो खाली उतरला आणि थबकला.

"माझा सेन्सर कुणी काढला?"

"काय?"

"मी काल नवा लावला होता. इथे गंजलेला आहे. काल गाडी कुठे उभी केली होतीस?"

"माझ्या दारात. रात्रीतून येऊन चोर जुना सेन्सर बसवून गेला म्हणतोस?"

मिस्त्रीने गंजलेल्या सेन्सरवर बोट फिरवलं. आटे हललेले नव्हते. काल आपण केलं ते काम की स्वप्न, हेच त्याला उमगेना. वाकून आणखी आत सरकला. धूर गाळणाऱ्या डब्याच्या पलीकडे, सायलेन्सरच्या अंगाला, नवा सेन्सर चकचकत होता.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"दोन असतात हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे गं. मी पहिलाच बदलला."

बहीण खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली. "कुठून पहिला?"

मिस्त्रीने मान वळवून आधी गाडीच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. काल तो सायलेन्सरकडून आला होता, आज इंजिनाकडून. धूर मात्र दोन्ही दिवस इंजिनाकडूनच निघाला होता.

त्या व्हॅनला दोन्ही जागी एकाच नमुन्याचा सेन्सर बसतो, एवढं नशीब. त्याने नवा काढून पुढे लावला आणि काल काढलेला, मुळात चांगलाच असलेला जुना, मागे त्याच्या जागी परत बसवला. एका कामाची तीन कामं झाली. चटके बसले ते वेगळेच. कोड पुसला.

"आता येणार नाही ना दिवा?"

"सांगता येत नाही. इंजिन तापलंय. हीटरची परीक्षा थंड इंजिनावर."

"म्हणजे?"

"थंडीत सेन्सरला आधी गरम व्हावं लागतं, तरच तो बोलतो. म्हणून शेगडी." हे त्याला बोलता बोलताच कळलं होतं, त्यामुळे पुन्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तपासणीच्या ठिकाणी मोठी रांग होती. इंजिन बंद करून दोघं बसून राहिली, इंजिन निवत गेलं. शेवटी तपासनीस खिडकीशी आला. "चावी फिरवा."

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, पिवळासुद्धा. मिस्त्रीने डोळे मिटले.

"ते आधी लागतातच, दादा," बहीण हळूच म्हणाली आणि इंजिन सुरू केलं. त्याने एक डोळा उघडला. पिवळा विझला होता. तपासनीसाने धुराच्या नळीत मोजणी यंत्राची काडी घातली, आकडे बघितले, काचेवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

शाळा सुटायला अजून अवकाश होता. दोघं परत निघाली.

"एक कळत नाही," तो म्हणाला. "चुकीचा सेन्सर बदलला, तर काल दिवा गेला कसा?"

"तूच पुसला होतास."

"हां," मिस्त्री म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, "मग आज कसा गेला? आजही मीच पुसलाय."

बहिणीने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि परत सुरू केली. दोघंही डॅशबोर्डकडे बघत राहिली.