पितळी पेल्याएवढी उंची

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही जळगाव सोडलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी नीता. गाडी तीच, लाल, दोन दारांची, जेमतेम दोघं बसतील अशी फायबरची स्पोर्ट्स कार. दोन हजार साली हौसेनं घेतली आणि पंपांच्या एजन्सीच्या कामाला रोज एरंडोल-पारोळ्यापर्यंत पळवली. बांभोरीच्या पुलाखाली गिरणेवर धुकं होतं. नीता काच खाली करून गार वारा खात होती, आणि मी मनातल्या मनात धुळ्यापर्यंतचे गतिरोधक मोजत होतो.

नीताला ही गाडी आता कॉलेजला न्यायची होती. आठवड्यापूर्वी तिनं विचारलं, "बाबा, ही इतकी खाली का?" माझ्या तोंडून सवयीचं वाक्य निघून गेलं, "धुळ्याच्या एका मेकॅनिकनं स्प्रिंगा जास्त कापल्या."

"मग त्यालाच करू दे की नीट. चला, मी येते."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. खरं म्हणजे होतं. तेच सांगायचं नव्हतं.

एरंडोल, पारोळा मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. फागण्याच्या अलीकडे माझ्या ओळखीचा गतिरोधक आला. गावकऱ्यांनी मुरूम-डांबर टाकून केलेला, उंटाच्या पाठीसारखा. मी नेहमीप्रमाणे गाडी तिरकी घातली. तरी पोट घासलंच. टपरीवर चहा पिणारे एक आबा उठून जवळ आले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, तुनी गाडीले पाय नही शेत का?" (तुझ्या गाडीला पाय नाहीत का?)

टपरी हसली. नीताही हसली. "ज्यानं पाय कापले त्याच्याकडेच चाललोय, आबा!"

मला हसता आलं नाही. दहा वर्षांपूर्वी याच गतिरोधकावर गाडीचा तेलाचा चेंबर फुटला होता. काळं तेल रस्त्यावर लांबपर्यंत वाहत गेलं होतं. शेजारी बायको होती. ती उतरली, तेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एस.टी.नं घरी गेली. त्यानंतर ती या गाडीत बसली नाही.

धुळ्याबाहेरच्या ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मागवली. तर्रीनं नीताच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसत ती म्हणाली, "त्या माणसाला काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय." तिथेच सांगायला हवं होतं. मी ताकाचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

त्या मेकॅनिकचं, म्हणजे नानांचं, गॅरेज धुळ्यात पारोळा रस्त्याला होतं. तिथे आता टायरचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "नाना तर कधीच सोनगीरला गेले, भांडी ठोकायला." आग्रा रोडनं सोनगीर गाठलं. किल्ल्याची टेकडी आधी दिसली, मग तांबटांची ठकठक ऐकू आली.

नाना ओसरीवर तांब्याचा हंडा ठोकत बसले होते. चष्मा जाड झाला होता. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला.

नीता तयारच होती. "नाना, या गाडीच्या स्प्रिंगा तुम्हीच कापल्या ना?"

हातोडी थांबली. नाना माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे, वाट बघत.

मग मी बोललो. ओसरीवर, शेजारची दोन माणसं ऐकत असताना. नानांची एक रीत होती. गाडीची उंची ते फूटपट्टीनं मोजत नसत. टाकी भरून, रोज बसणारी माणसं आत बसवून, गाडीखाली सगळ्यात खालच्या भागाशी ते एक पितळी पेला उभा करत. पेला उभा राहिला तर उंची बरोबर. पडला तर एक मिलिमीटरही कमी करायचा नाही. मी त्यांना म्हणालो होतो, "रिकामी गाडी मोजा ना, स्प्रिंगेचा अजून वेढाभर कापता येईल." ते म्हणाले होते, "रिकामी गाडी रस्तावर जास का?" (रिकामी गाडी रस्त्यावर जाते का?) आणि अर्धा वेढा कापून त्यांनी हात धुतले. उरलेला वेढा मी जळगावात दुसऱ्याकडून कापून घेतला, गाडी रिकामी मोजून. दिसायला झकास दिसत होती. आठव्या दिवशी चेंबर फुटला. लोकांनी विचारलं तेव्हा मी नानांचं नाव सांगितलं. जळगावच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या थांबल्या. ते मला दिसत होतं. मी गप्प बसलो.

नीता ओसरीच्या पायरीवर बसली. माझ्याकडे बघत नव्हती.

"माले सांगीसन काय उपेग?" नाना म्हणाले. (मला सांगून काय उपयोग?) "ज्यास्ले सांगेल व्हतं, त्यास्ले सांग." (ज्यांना सांगितलं होतंस, त्यांना सांग.) मग नीताकडे वळून, "पोरी, गाडी कोन चालावनार? तू? जठून रोज जास, तठला खड्डा पाही ले, मंग उंची ठराव." (जिथून रोज जातेस, तिथला खड्डा बघून घे, मग उंची ठरव.)

त्यांनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. स्प्रिंगांखाली लोखंडी जाड कडी बसवली. दुपार गेली. नीताला गाडीत बसवलं, मलाही. नाना गुडघ्यांवर हात देत खाली वाकले आणि पेला सरकवला. पहिल्यांदा पडला. आणखी एक कडं. मग उभा राहिला. गाडी आता कुठल्याही साध्या गाडीएवढी उंच दिसत होती, थोडी वेंधळीच.

निघताना नानांनी पेला नीताच्या हातात दिला. "बापनं सांगं का मंग परत आन." (बापानं त्या लोकांना सांगितलं की मग परत आण.)

फागण्याचा गतिरोधक मी सरळ ओलांडला. काही वाजलं नाही.

"आईला माहीत होतं?" नीतानं विचारलं.

"माहीत होतं. चेंबर फुटला तेव्हा ती गाडीत होती."

जळगावला पोचल्यावर घरी न जाता बन्सीभाऊंच्या कापडदुकानी गेलो. आमची बैठक तिथलीच; खोटं मी पहिल्यांदा तिथेच बोललो होतो. गादीवर चौघं होते. मी सगळं सांगितलं.

"कोण नाना?" बन्सीभाऊंनी विचारलं. मग एकदम आठवलं. "अच्छा, तो! तुझी गाडी बिघडवली तो!"

"नाही बन्सीभाऊ. मी बिघडवली. तेच तर सांगतोय."

"जाऊ दे रे, जुनं झालं. चहा घे."

त्यांना नानांचं नाव आठवत नव्हतं. आळ तेवढा आठवत होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो, तर एक जण उठून गिऱ्हाइकाला कापडाचं थान दाखवायला गेला.

म्हणून हे लिहून काढलं. जळगाव-धुळ्यात ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ते ऐकलं होतं, त्यांतल्या कोणाच्या हाती हे पडलं तर त्यानं वाचावं: स्प्रिंगा नानांनी बरोबर कापल्या होत्या. नीता रोज ती गाडी घेऊन कॉलेजला जाते. पेला तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवला आहे, आणि अजून तरी तो सोनगीरला न्यायचा विषय काढलेला नाही.