जिंकायला अपात्र

"बोगी असेल, उगाच ओरडली. बघा बरं कुणीतरी तिचं तिकीट."

मी हात वर करून 'फुल हाऊस' ओरडले होते आणि अख्खा हॉल हसत होता. सौदीतल्या दम्मामच्या कंपाउंडमधला हॉल, मराठी मंडळाची हाऊसी, तिकिटावरचे आकडे खोडायचा खेळ. "जुगार म्हणायचं नाही हं, चॅरिटी आहे," असं वहिनींनी येतानाच बजावलं होतं. गावाकडच्या गरीब मुलींच्या वसतिगृहासाठी म्हणे. वहिनी म्हणजे ज्यांच्या घरी मी स्वयंपाक, धुणी, मुलं सगळं बघते त्या. तिकिटं खपेनात तेव्हा त्याच म्हणाल्या, "मावशी, तुम्हीपण घ्या एक. पुण्याचं काम आहे." घेतलं. माझ्या पगारातून.

मंडळाच्या सेक्रेटरींनी आकडे तपासले. सगळे बरोबर. बक्षीस होतं मुंबईला जाऊन-येऊन विमानाचं तिकीट.

माणगावात माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, घरात सासू नाही. सुट्टी मागितली की वहिनी म्हणायच्या, "तिकिटं केवढी महाग झालीत, मावशी!" आता तिकीट मिळालं होतं. मी मनात बॅग भरायलाही लागले होते. आनंदानं, खोटं कशाला बोलू.

सेक्रेटरींनी माईक बाजूला केला. "वहिनी, अडचण आहे. बक्षीस फक्त मेंबर फॅमिलीला. यांचा इकामा घरकामाचा." इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना.

"विकताना नाही विचारलात इकामा," मी म्हटलं.

"ते तुमचं दान धरलंय, मावशी."

दान! माझे पैसे चालले. माझं नशीब चाललं नाही. ज्या गरीब मुलींसाठी टाळ्या वाजल्या, त्यांच्यातलीच एक मोठी होऊन यांच्या पोळ्या लाटते. ती जिंकली तेव्हा नियम आठवला.

वहिनींनी लगेच तोड काढली. "माझ्या नावावर द्या ना. मावशी घरातल्याच आहेत." सगळ्यांना पटलं. मग माझ्या कानाशी आल्या. "मी आईकडे जाऊन येईन. मुलांना तुम्ही आहातच. तुम्हाला छानशी साडी आणते."

स्टेजवर बोलावलं. मी वहिनींच्या हातात माझं हाऊसीचं तिकीट द्यायचं, फोटो निघणार. "हसा, मावशी!"

घरातली! सगळ्यांच्या मागून जेवणारी. इथल्या सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा राबणारी. मुलांच्या खोलीत खाली अंथरूण टाकणारी. तिथं उभ्या उभ्या माझं डोकं लख्ख झालं.

"नाही देणार," मी म्हणाले. आणि तिकीट फाडलं. बारीक बारीक तुकडे केले.

बक्षीस दुसऱ्या कुणा बाईंना गेलं. टाळ्या तेवढ्याच वाजल्या.

गाडीत वहिनी रडल्या. "सगळ्यांसमोर माझा अपमान केलात." माझा कुणी केला, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना चहा दिला आणि समोर उभी राहिले. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतो. म्हटलं, तो द्या. आणि शुक्रवारी सुट्टी.

"आमच्यावर विश्वास नाही का, मावशी?"

"नाही."

तोंडातून शब्द गेला आणि मलाच हलकं वाटलं.

आठवड्यानं लेक बाळंत झाली. नातीचं रडणं मी फोनवर ऐकलं, भाजी चिरता चिरता. पासपोर्ट अजून दिलेला नाही. रोज "बघू" म्हणतात.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी लेबर ऑफिस उघडतं. मी जाणार आहे. चोरून नाही, वहिनींना सांगून.