उत्तरेच्या भिंतीवरचा पडदा

तुमच्या बैठकीच्या खोलीतली सगळ्यात देखणी भिंत कोणती? जिच्यापुढे पाहुण्याला मुद्दाम बसवता, जिच्यापुढे उभं राहून फोटो काढता, ती? मग सांगा, तिला शेवटचा हात कधी लावला होतात? तिच्यावरच्या कापडाला नाही, चौकटीला नाही. भिंतीला.

नाही ना आठवत? झालरबाईलाही नव्हतं आठवत, आणि तिचा तर धंदाच पडद्यांचा.

झालरबाई हे नाव सासूने ठेवलं, टोमणा म्हणून. ही लग्न होऊन आली तेव्हा खिडकीला जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. हिने आल्या आल्या चादर फाडून पडदा शिवला, त्याला खाली झालर लावली, आणि उरलेल्या तुकड्यातून मिठाच्या बरणीलाही टोपडं घातलं. सासू म्हणाली, आता एक मीच राहिलेय, मलाही लाव म्हणजे झालं. इमारतभर हशा पिकला आणि नाव चिकटलं. सासू काही साधी नव्हती. सगळा जन्म तिने सिनेमाच्या तिकीटखिडकीत काढलेला, रांगेत घुसणाऱ्याला एका वाक्यात बाहेर काढायची सवय. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळे संसार खरा या दोघींचाच. दोघींच्या नाकावर राग, आणि दोघींना एकमेकींशिवाय करमत नसे.

झालरबाई पडद्यांच्या दुकानात शिवायला होती. पुढे काचेआड सोफे आणि दिवे, मागे बिनखिडकीच्या खोलीत मशीन. उन्हाळ्यात काम मंद. पण झाडांची पानं पिवळी पडायला लागली की मशीनला श्वास घ्यायला फुरसत नसे. दुकानदार काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकायचा, "ऋतू बदलला, घर बदला", आणि बायका आपली पांढरी पातळ कापडं पिशवीत कोंबून यायच्या. सगळ्यांना एकच हवं असे, घरात ऊब दिसली पाहिजे. मग विटकरी, मोहरीसारखा पिवळा, गंजल्या लोखंडाचा तांबडा. जाड पडदे, त्याच रंगाच्या उशा, सोफ्याच्या पाठीवर टाकायला एक मऊ शाल, कोपऱ्यात बरणीत वाळक्या फांद्या. झालरबाई मापं घ्यायला घरोघर जायची तेव्हा आधी विचारायची, संध्याकाळी कोण कुठे बसतं. तिथे दिवा खाली आणायला सांगायची. म्हणायची, छतावरचा दिवा मालवा, नाहीतर कितीही सोनेरी कापड लावलं तरी खोली दवाखान्यासारखीच दिसेल. तिचं खरं असायचं. तिने सजवलेल्या खोलीत माणूस शिरला की त्याचे खांदे आपोआप सैल व्हायचे.

कापडाच्या ताग्यांची उरलेली टोकं दुकानदार तिला देऊन टाकायचा. त्यातून दर पानगळीला तिची स्वतःची खोली नवी व्हायची. एकच खोली ती, तीच बैठक, तीच निजायची जागा, आड भिंत घालून पलीकडे चूल. पण शेजारपाजारचे मुद्दाम बघायला यायचे.

आता त्या भिंतीचं. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून गच्चीच्या पाण्याचा नळ उतरलेला, आणि तो फुटका. आतल्या बाजूला पहिल्यांदा एक डाग आला, बशीएवढा. झालरबाई मालकाकडे गेली. मालक म्हणाला, बघू. डाग ताटाएवढा झाला, ही परत गेली. मालक म्हणाला, बघू म्हटलं ना. तिसऱ्यांदा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, घाला चुलीत तुमचा नळ, मला नको तुमचे उपकार. घरी आली, मशीनवर बसली आणि छतापासून जमिनीपर्यंत भिंतभर पडदा शिवला, जाड अस्तर लावून. गंजाच्या रंगाचा, इतका सुरेख की सासूसुद्धा गप्प बसली.

राग आला की माणसाने भांडावं. हिचा राग शिवणात गेला, आणि तो मालकाला फुकटात मिळाला.

त्याच भिंतीला लागून सासूचा दिवाण. वर्षं उलटली, पडदे बदलले, आणि सासूची छाती वाजायला लागली. बोलता बोलता थांबायची, दम खायची आणि मग उरलेला टोमणा पुरा करायची. म्हणायची, अगं, माझा श्वास तुझ्या झालरीत अडकलाय. डॉक्टरने छाती तपासली आणि विचारलं, घरात कुठे ओल आहे का? झालरबाई ताडकन म्हणाली, आमच्या घरात? येऊन बघा एकदा. डॉक्टर ओशाळला. सासूने तिच्याकडे नुसतं पाहिलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि ही सासू बोलत नाही म्हणजे काय ते घरच्यालाच कळतं.

खालच्या मजल्यावर बेकरीत काम करणारी एक बाई राहायची. तिची खोलीही त्याच उभ्या भिंतीला. तिने काही झाकलं नव्हतं, तिच्या भिंतीचे पोपडे पडून गादीवर येत. या पानगळीच्या तोंडाला तिने मजल्यामजल्यावरची माणसं गोळा केली आणि मालकाच्या दारात नेली. मालकाने शांतपणे खिशातून फोन काढला. मागच्या वर्षी तो झालरबाईकडे चहा पिऊन गेला होता, खोलीची तारीफ करून फोटो काढून घेऊन गेला होता. ती तेव्हा फुलून गेली होती. तोच फोटो त्याने सगळ्यांना दाखवला. म्हणाला, तीच भिंत, तोच नळ, मग हिच्याकडे ओल का नाही? तुम्ही लोक दारं लावून स्वयंपाक करता, घरात कपडे वाळवता, आणि माझ्या नावाने बोंबलता. आधी राहायला शिका.

बेकरीवाली तिथून तडक वर आली. चपला काढायचं भान नव्हतं.

"खरं सांग, तुझी भिंत कोरडी आहे?"

"माझी खोली मी राखते, ताई."

"आणि आम्ही काय उकिरड्यात लोळतो?"

झालरबाईने तोंड फिरवून उशीची खोळ बदलायला घेतली. बेकरीवाली दारातच म्हणाली की आता पालिकेचा साहेब येणार आहे, मी तक्रार करून आलेय, आणि तू त्याच्यापुढे हेच बोलणार असशील तर आजच सांगून टाक, म्हणजे आम्ही आमची आशा गुंडाळून ठेवतो. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झालरबाईने दरवर्षीसारखा जुना पडदा उतरवायला घेतला. दरवर्षी ती काय करायची, ऐका. जुना एका बाजूने सोडवत जायची आणि नवा त्याच्यावरूनच चढवत जायची, म्हणजे भिंत कधी उघडी पडायचीच नाही. मागचं अस्तर तर गेल्या तीन वर्षांत तिने काढलंच नव्हतं. या वेळी कड्या सोडवल्या आणि ओझं असं अंगावर आलं की ती स्टुलासकट मागे झाली. अस्तर भिंतीला चिकटलेलं. ओढलं तर चुन्याचा पापुद्राच सुटून आला, आणि मागे भिंत काळीभोर, केसाळ, जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत. कुबट वासाचा भपकारा खोलीभर पसरला. सगळ्यात काळा भाग नेमका सासूच्या उशीच्या उंचीवर होता.

ती कापडाशी खेळणारी बाई, ओलं कापड डब्यात घालू नका म्हणून गिऱ्हाइकांना दटावणारी. तिने स्वतःच्या हाताने ओल कोंडून ठेवली होती, अस्तर लावून, नीट, टाक्याला टाका भिडवून. सासूला काय वाटलं माहीत नाही. ती भिंतीकडे बघून एवढंच म्हणाली, "बघ, मला वाटायचं मी म्हातारी झाले."

झालरबाई तशीच मालकाकडे निघाली. दातओठ खात निघाली होती, आज याला सोडत नाही. पण मालक भांडलाच नाही. तो गोड बोलला. म्हणाला, ताई, मला कळतं सगळं. वरची दक्षिणेची खोली महिनाअखेर रिकामी होतेय, दिवसभर ऊन, कोरडी ठणठणीत. तुमच्या सासूबाईंसाठी ती तुम्हालाच द्यायची हे मी ठरवूनच टाकलंय. फक्त परवा साहेब येतोय. तुमचा तो नवा पानगळीचा पडदा तेवढा लावून ठेवा. तुमच्या हातात कला आहे, बाकीच्यांचं सोडा.

ती तोंडातले शब्द तोंडातच ठेवून परत आली.

दोन दिवस तिचं कशातच लक्ष नव्हतं. दुकानात उलटी शिवण घातली आणि उसवली. सासूला कोरडी खोली, दुसरं तिला हवं होतं तरी काय? परोपकार करायला ती काही देवळातली मूर्ती नव्हती. तिने नवा पडदा शिवला, विटकरी, खाली मोहरी रंगाची पट्टी. भिंतीवर खिळवला. पुढे उशा रचल्या, दिवा खाली आणला, फांद्या मांडल्या. मग सासूला सांगितलं की आई, तुमची सोय होतेय, गप्प राहा.

सासूने दम खाल्ला. "मी वर जाईन. आणि इथे कोणाच्या सासूला आणून ठेवणार आहे तो?"

झालरबाईने भांडी आपटली. हे वाक्य तिला रात्रीही सोडेना, आणि सकाळी तर ते खोलीत आपल्याआधी उठून बसलंय असं वाटलं.

साहेब आला तो बूट वाजवत. मागे मालक, त्याच्या मागे जिना भरून शेजारी, बेकरीवाली सगळ्यांत शेवटी. खालच्या खोल्या पाहून साहेबाचा चेहरा आंबट झाला होता. या खोलीत शिरला आणि चक्क हसला. म्हणाला, वा, किती प्रसन्न. मालकाने लगेच सूर धरला. बघा साहेब, हीच ती भिंत. ओल इमारतीत नाहीये, ओल यांच्या सवयीत आहे. राहणारं माणूस नीटनेटकं असलं की भिंतही नीट राहते.

बेकरीवालीने नुसती मान खाली घातली. भांडखोर बाई ती, मालकाच्या तोंडावर हात नाचवणारी. तिची मान झालरबाईच्या पडद्याने खाली घातली होती.

दिवाणावरून सासू म्हणाली, "साहेब, उभे का? इथे माझ्या जागेवर बसा घटकाभर. उशीला टेका."

मालक म्हणाला, आजी, साहेबांना वेळ नाही.

आणि झालरबाईचा हात पडद्याकडे गेला. ठरवून गेला की आपोआप, ते तिलाही सांगता येत नाही. तिने विटकरी कापड वरच्या कडेला धरलं आणि सगळा भार टाकला. खिळे एकामागून एक सुटले, तिचीच घट्ट शिवण टरारली, दिवा पडला, फांद्या पायाखाली मोडल्या. भिंत उघडी पडली. साहेब रुमाल नाकाला लावून दोन पावलं मागे सरला आणि बेकरीवालीच्या अंगावर गेला.

"हे मी लपवलं," झालरबाई म्हणाली. "मी. यांची नाही, माझी सवय वाईट. आणि हा माणूस मला वरची खोली देणार होता, हे असंच लपलेलं राहावं म्हणून."

मालक पांढरा पडला, मग लाल झाला. ही बाई नाहीतरी खोटंच बोलते, असलं काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. शेजारी आत शिरले होते आणि प्रत्येक जण भिंतीला हात लावून बघत होता, जणू आपली खात्री दुसऱ्याच्या घरी येऊन करायची होती. एक जण म्हणाला, माझं कपाट याच भिंतीला आहे. दुसरा म्हणाला, माझ्याकडे देखाव्याचं मोठं चित्र आहे. मग एकेक करून सगळे आपापल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने वरखाली कपाटं सरकवल्याचे आवाज आले.

साहेबाने दुरुस्तीचा हुकूम दिला. बाहेरचा नळ बदलला, पण आतलं काम अजून अर्धवट आहे. मालक रोज नवी सबब काढतो आणि बायका रोज त्याच्या दारात जातात, झालरबाई सगळ्यांत पुढे. वरची उन्हाची खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली. सासूचा दिवाण आता खोलीच्या मधोमध असतो, येणाऱ्याला वळसा घालून जावं लागतं. तिची छाती अजून वाजते. वाजणारच, इतक्या वर्षांचं एका दिवसात कसं निघेल? डॉक्टरला मात्र झालरबाईने जाऊन खरं सांगितलं, आणि ते सांगताना मान वर ठेवली.

या पानगळीत त्या इमारतीत कोणाचंच घर सजलं नाही. भिंती उघड्या, पोपडे खरवडलेले, खिडक्या दिवसभर सताड. बघायला कोणी येत नाही. दुकानात झालरबाई अजून विटकरी आणि पिवळं शिवते, पण मापं घ्यायला गेली की भिंतभर पडदा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी विचारते, मागे काय आहे? गिऱ्हाइकं दुखावतात. दुकानदार तिच्यावर चिडतो. ती त्याच्यावर चिडते.

तर तुम्ही. घर सजवा, हौसेने सजवा, विटकरी आवडत असेल तर विटकरीच लावा. पण त्याआधी, आजच, ती तुमची देखणी भिंत उघडी करा आणि तळहात टेकवा. हात ओला आला तर तो पुसू नका. तसाच ओला घेऊन शेजारच्या दारावर थाप मारा, आणि त्यांच्या घरची भिंतही बघू द्या म्हणा.