आईचा हलका गोठ

रिठ्याच्या कोमट पाण्याला एक तुरट, ओलसर वास असतो. आज आईचे हातातले सोन्याचे गोठ धुवायला काढले आणि त्या वासाबरोबर मी कोपर गावातल्या जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसले.

तेव्हा काकाची हळद होती. आई कामात गुंतलेली, म्हणून तिचे जाडजूड गोठ मीच चकचकीत करायचे ठरवले आणि ते रिठ्यात टाकून वर उकळतं पाणी ओतलं. थोड्या वेळाने एका गोठाच्या सांध्यातून तपकिरी लाख ओघळायला लागली. गोठ आतून पोकळ असतात, त्यात लाख भरतात, हे नऊ वर्षांच्या मला कुठे माहीत?

आजी आली. "कोनी केला गो यो?"

"मीच," आई म्हणाली.

मग माझ्याजवळ बसून तिने जुन्या सुती फडक्याने गोठ पुसले, हातात चढवले, रिकामा झालेला डाव्या हातात. "बरा झाला गो. नाचाला हात हलका झाला."

मला ते खरंच वाटलं. संध्याकाळी मांडवात ती भरपूर नाचली, उजवा हात उंच, डावा पोटाशी धरून. तीच तिची नाचायची तऱ्हा, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

आज पाण्याचा थेंब आधी मनगटावर टाकून पाहिला, मग मऊ ब्रश फिरवला. एक गोठ जड, दुसरा पिसासारखा. त्यात पुन्हा लाख भरून घ्यायचं राहूनच गेलं. पोकळ गोठ साध्या धक्क्यानेही चेपतो.

मी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला. एवढ्या वर्षांत त्याला कुठेच चेप पडलेला नाही.