विरुद्ध बाजूचे मुद्दे

कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेला एकेका कॉलेजातून दोघांची जोडी जायची. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. मग दोघांच्या गुणांची बेरीज करायची आणि ज्यांची बेरीज जास्त त्यांच्या कॉलेजला फिरती ढाल. आपल्याच जोडीदाराचं म्हणणं खोडून काढायचं आणि नंतर दोघांनी मिळून ढाल उचलून फोटो काढायचा, असा तो सगळा प्रकार. हा नियम ज्या कोणी काढला त्याच्यावर माझा अजूनही राग आहे.

आमचे हे आणि यांचे वकील मित्र ही नगरमधली अशीच एक गाजलेली जोडी. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, त्यामुळे इथेही 'हे'च म्हणते. हे नेहमी बाजूनं बोलायचे, वकील नेहमी विरुद्ध. विषय हुंड्याचा असो नाहीतर साखर कारखान्यांचा. अभ्यास केल्याशिवाय याला बोलता येत नाही आणि अभ्यास केला की मला बोलता येत नाही, असं वकील हसून सांगायचे. हॉस्टेलवर एका ताटात जेवलेली माणसं ती. आमचं लग्न वस्तीतल्या बुद्धविहारात झालं तेव्हा पंगत वाढायला वकील सगळ्यांच्या पुढे होते, आणि त्यावरून त्यांच्या घरच्यांनी त्यांना काय काय ऐकवलं तेही त्यांनी आम्हाला रंगवून सांगितलं होतं. माणूस मनानं चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना दुष्ट ठरवाल.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत हे नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. मी दुसऱ्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर होते. पृथ्वीचं तापमान वाढतंय ही गोष्ट तेव्हा नगरमध्ये कुणाच्या गावीही नव्हती. पेपरात कधीतरी आतल्या पानावर चौकट यायची, तीसुद्धा कुठल्या तरी दूरदेशीच्या बर्फाबद्दल. यांना मात्र त्या विषयानं झपाटलं होतं. पुण्याला गेले की ग्रंथालयात बसून कागद भरून आणायचे आणि जेवताना मला सांगायचे. भाकरी गार व्हायची. मला सगळं कळायचं असं नाही, पण एक गोष्ट इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. म्हणायचे, "शास्त्रज्ञ ही भांडखोर जमात असते. एकानं काही म्हटलं की दुसरा त्यात खोट काढायलाच बसलेला असतो, त्यातच त्याचं नाव होतं. अशी देशोदेशीची माणसं शब्दाशब्दावर भांडून एका म्हणण्यावर येतात, तेव्हा ते हात वर करून घेतलेलं मत नसतं. खोट काढून काढून जे उरलं ते असतं."

आमच्या भागात दर हिवाळ्यात एक जुनी व्याख्यानमाला भरायची. हे विद्यार्थी असल्यापासून मागच्या खुर्च्यांवर बसून ती ऐकत आले होते. एका वर्षी समितीनं यांनाच बोलावलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या व्यासपीठावर बोलावण्याची ती पहिलीच वेळ. घरी येऊन सांगताना चपला काढायचंही यांना भान नव्हतं. मी चेष्टेनं म्हटलं, "आता एक कोट शिवा." यांनी खरोखरच शिवला. जयंतीच्या मंडपात हे दरवर्षी बोलायचे आणि लोक कान देऊन ऐकायचे, पण ती आपली माणसं. इथे शहर ऐकणार होतं. टाळ्यांची यांना हाव नव्हती. परक्या माणसांनी एकदा शांतपणे ऐकून घ्यावं आणि 'मास्तर म्हणतात त्यात तथ्य आहे' असं म्हणत घरी जावं, एवढंच यांना हवं होतं. त्यासाठी यांनी सगळी दिवाळीची सुट्टी घालवली, आणि मीही फराळाचं निमित्त करून एकदाही आडवी आले नाही.

व्याख्यान तोंडावर आलं असताना समितीचे चिटणीस घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "सर, विषय जरा जड आहे. खुर्च्या रिकाम्या राहतील. आपण परिसंवाद करू या. दोन्ही बाजू ठेवल्या की लोक येतात."

"दोन्ही बाजू म्हणजे?" यांनी विचारलं.

"तापमान वाढतंय ही एक, आणि वाढत नाही ही दुसरी."

"पण दुसरी बाजू मांडणार कोण?"

"तुमचेच मित्र की," चिटणीस खुशीत म्हणाले. "वकीलसाहेब तयार आहेत."

यांच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्यानं गेल्या. "तो असेल तर काही हरकत नाही," हे म्हणाले. "तो आपलाच माणूस आहे." ते वाक्य मला अजून बोचतं.

त्या दिवशी नगरला थंडी कडाक्याची होती. सभागृह भरलं होतं ते निम्मं वकिलांच्या नावावर. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मुलाचं भाषण ऐकायला त्या गावाहून एसटीनं आल्या होत्या, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. श्रीगोंद्याकडच्या उसात कोयता चालवून त्यांनी याच मुलाला शिकवलं होतं. भाषणातलं त्यांना काही कळणार नव्हतं आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती.

हे आधी बोलले. चांगले बोलले. धुराड्यांतून आणि गाड्यांतून काय बाहेर पडतं, ते वर कसं साठतं, उष्णता कशी अडून राहते, सगळं फळ्यावर काढून दाखवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "किती वाढेल आणि किती वेगानं, याचे अंदाज कमीजास्त आहेत. ते आज कुणी नक्की सांगू शकत नाही. पण वाढतंय, आणि त्यात माणसाचा हात आहे, याबद्दल या विषयातल्या जाणकारांत आता फारसं दुमत उरलेलं नाही." लोक ऐकत होते. कुणी खोकत नव्हतं. मला वाटलं, जमलं.

मग वकील उठले. "मंडळी, पृथ्वी तापलीय म्हणे. मी आज सकाळी पारनेरहून आलो. तिथं म्हशीसुद्धा गोणपाट पांघरून उभ्या हायेत. त्यांना कुणी कळवलंच न्हाई." सभागृह फुटलं. मग त्यांचा पट्टाच सुरू झाला. रेडिओवर पाऊस सांगितला की आमच्या सौभाग्यवती खुशाल कुरडया वाळत घालतात, आणि ही मंडळी पन्नास वर्षांनंतरचं सांगायला निघालीत. एके काळी सगळं जग म्हणत होतं सूर्य फिरतो, एकटाच म्हणाला, फिरत नाही, मग खरं कोण निघालं? आणि शेवटी यांच्याकडे हात करून, "सर स्वतःच म्हणाले, किती ते नक्की सांगता येत नाही. अहो, आमच्या कोर्टात साक्षीदार असं बोलला की केस तिथंच निकालात निघते."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हे नव्या कोटात थंडीनं जरा आखडून बसले होते, ते वकिलांना दिसलं. त्यांनी आपल्या गळ्यातला तपकिरी मफलर काढला आणि जाऊन यांच्या गळ्यात गुंडाळला. "घ्या सर. तापलेल्या पृथ्वीवर गारठू नका." लोक हसून हसून खुर्च्यांवर हात आपटायला लागले. हेही हसले. दुसरं काय करणार? मफलर काढून ठेवावा तर अपमान केल्यासारखं, म्हणून तो तसाच गळ्यात ठेवून कार्यक्रम संपेपर्यंत बसले.

उत्तर द्यायची सोय परिसंवादात नव्हती. अध्यक्षांनी समारोप केला, दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या, सत्य दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं. लोकांना ते पटलं. दोन माणसं वेगवेगळं बोलली की सत्य त्यांच्या मध्ये असतं, इतकं सोपं ते झालं होतं.

वकील व्यासपीठावरून उतरले ते यांना मिठी मारायलाच. "मारली ना गड्या सभा. आपली जोडी अजून शाबूत हाय." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांच्या हिशेबी दोघांचे गुण एकत्र झाले होते आणि ढाल आमचीच होती.

रिक्षात सासूबाई मला म्हणाल्या, "लोकं का हसली गं? त्याचं काय चुकलं का?"

"नाही आत्या. काही चुकलं नाही."

"मंग?" मी त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मीबी हसले. समदी हसत हुती म्हनून. मला वाटलं त्याचं कवतिक चाललंय."

हे पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसले होते. यांनी ऐकलं. मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी मागच्या बाकावरून विचारलं, "सर, स्वेटर आणू का?" हे यांनीच मला सांगितलं, चहा ओतून घेताना, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

रविवारी वकील पेढे आणि पेपरचं कात्रण घेऊन घरी आले. 'रंगतदार परिसंवाद' असा मथळा होता. यांनी पेढा खाल्ला, कात्रण वाचलं, छान आलंय म्हणाले. माझं मात्र डोकं तापलं होतं. मी विचारलं, "भाऊजी, एक सांगा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? खरं काय आहे?"

वकिलांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "अहो वहिनी, खरं हा म्हणतो तेच. यानं एवढा अभ्यास केलाय. मी काय येडा हाय का?"

"मग तिथं तसं का नाही बोललात?"

"मला विरुद्ध बाजू दिली हुती ना," ते म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले. हे भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. मग उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. यांनी चहा करण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्यानंतर हे कुठेही बोलायला गेले नाहीत. जयंतीच्या मंडपातसुद्धा नाही. घसा बरा नाही, असं सांगायचे. पहिली दोन-तीन वर्षं वस्तीतली माणसं आग्रह करायची, मग त्यांनी दुसरा वक्ता शोधला. वकिलांशी भांडण झालं नाही, अबोलाही झाला नाही. येणं-जाणं राहिलं, पण यांनी त्यांच्यासमोर पुन्हा कधी कुठला विषय काढला नाही. पोरांच्या शाळा, उन्हाळा, पेट्रोलचा भाव, एवढंच. वकिलांना वाटायचं, वयानं माणूस शांत झाला. मफलर आमच्याकडेच राहिला. परत द्यायचा तर त्या संध्याकाळबद्दल बोलावं लागलं असतं. जेवतानाही हे मला काही सांगेनासे झाले. भाकरी आता गरम खाल्ली जायची, आणि मला त्या गार भाकऱ्यांची फार आठवण यायची.

दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. यांच्या शाळेतली एक मुलगी घरी आली. हुशार, दोन वेण्या घातलेली, बोलायला चटपटीत. आंतरशालेय वादविवादाचा विषय नेमका हाच निघाला होता आणि तिला विरुद्ध बाजू आली होती. "सर, मला मुद्दे द्याल का?"

मला वाटलं, हे नाही म्हणतील. यांनी तिला बसायला सांगितलं आणि मुद्दे सांगायला सुरुवात केली. पारनेरच्या म्हशी. रेडिओ आणि कुरडया. सूर्य आणि एकटा माणूस. कोर्टातला साक्षीदार. एकही सुटला नाही, क्रमसुद्धा तोच. एवढी वर्षं हा माणूस ते भाषण मनात घोळवत बसला होता, हे मला स्वयंपाकघरात उभं राहून तेव्हा कळलं. शेवटी म्हणाले, "वेळ उरला तर समोरच्या वक्त्याच्या गळ्यात मफलर घाल. लोकांना आवडतं."

मुलगी हसली. भराभर लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, "पण सर, समोरच्यांनी यावर उत्तर दिलं तर?"

हे खुर्चीत पुढे सरकले. मग बोलायला लागले. उद्या पाऊस पडेल का हे सांगणं अवघड असेल, पण मे महिना डिसेंबरपेक्षा तापेल हे सांगायला रेडिओ लागत नाही. तो माणूस एकटा होता म्हणून खरा ठरला नाही, त्याच्याकडे पुरावा होता. आणि तो पुरावा तपासून बघितल्यावर बाकीचे त्याच्या बाजूला गेले. सहमती होते ती अशीच. ताप किती चढेल हे डॉक्टरला सांगता येत नाही, म्हणून अंगात ताप नाही असं होत नाही. यांचा आवाज वाढत गेला, हात हलायला लागले. कितीतरी वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटावीशी वाटली नाही. त्या संध्याकाळी व्यासपीठावर जे बोलायचं राहिलं होतं, ते सगळं यांच्याकडे तयार होतं.

बोलणं संपलं तेव्हा मी दारात येऊन उभी राहिले. मुलीनं पेनाला टोपण लावलेलं होतं. आदरानंच म्हणाली, "सर, पण हे बाजूनं बोलणाऱ्यांचं झालं ना. मला नाही लागायचं."

"हो," हे म्हणाले. "तुला नाही लागायचं."

मग आतून मफलर आणून यांनी तो तिला दिला.